सरळ केसांना कोणी कारण विचारत नाही

अमेरिकेतील एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीने केस सरळ करणे थांबवले आणि ते जसे उगवतात तसेच राखायचे ठरवले, की तिच्यावर प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. हे बंड आहे का, एखादी राजकीय भूमिका आहे का, नोकरीच्या मुलाखतीलाही अशीच जाणार का? तीच स्त्री वर्षानुवर्षे तीव्र रसायन लावून केस सरळ करत होती, तेव्हा यांतला एकही प्रश्न कोणाला पडलेला नसतो. या विषयावर वाचताना मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते याच गोष्टीने. उगवतील तसे केस राखणे हा ‘निर्णय’ ठरतो आणि ते बदलणे मात्र रीत ठरते.

रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारे हे रसायन, नेमके काय करतो हे समजल्याशिवाय या निर्णयाचे वजन कळत नाही. त्याच्या जुन्या प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साधा कॉस्टिक सोडा असतो. केसांतील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना परस्परांशी बांधून ठेवणारे गंधकाचे बंध त्याने तुटतात आणि केसाचे वेटोळे कायमचे सुटते. त्वचा भाजू नये म्हणून आधी टाळूवर, कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेली चोपडतात, तरीही आग होते, आणि केस पुरते सरळ व्हावेत म्हणून ती सोसत बसण्याची सवय मुलींना लहानपणापासून लागलेली असते. नवे केस अर्थातच कुरळे उगवतात, त्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी मुळांशी पुन्हा तेच करावे लागते. ज्यांच्या डोक्याला हे रसायन शाळकरी वयातच लागले, अशा कितीतरी स्त्रियांना तिशी-चाळिशीतही आपले मूळ केस कसे आहेत हे ठाऊक नसते. जे कधी नीट पाहिलेच नाही त्याच्या बाजूने त्यांना निर्णय घ्यायचा असतो.

तो अमलात आणण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे रसायन थांबवून मुळांकडचे केस वाढू देणे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस बदलायला दोन वर्षे सहज लागतात, आणि या काळात कुरळा नवा भाग जिथे सरळ जुन्या भागाला मिळतो, नेमका तिथेच केस तुटत राहतो. दुसरा मार्ग म्हणजे ‘बिग चॉप’: सरळ झालेला सगळा भाग एकदाच कापून टाकायचा. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हा दुसरा मार्ग धरला. पुढे तिचे केस वाढल्यावर ती एक बट ओढून दाखवायची. ओढली की हनुवटीपर्यंत यायची, सोडली की कानाच्याही वर जाऊन बसायची. तिचा केस धुण्याचा दिवस म्हणजे जवळजवळ अख्खा दिवसच असे. ओल्या केसांचे भाग पाडायचे, एकेका भागाला कंडिशनर लावायचा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे, थोडाथोडा करत गुंता सोडवायचा. टाळूतून सुटणारे तेल इतक्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ओलावा बाहेरून द्यावा लागतो आणि तो टिकावा म्हणून रात्री सॅटिनची टोपी घालून झोपावे लागते. ‘नैसर्गिक’ केस म्हणजे काहीच न करणे, असे समजणाऱ्याने हा एक दिवस तरी पाहावा. ही सगळी विद्या तिला प्रौढ वयात मुळापासून शिकावी लागली.

केसांवरचा हा पहारा जुना आहे. 1786 मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना डोके फडक्याने झाकण्याची सक्ती केली, तर त्यांनी भरजरी, रंगीत वस्त्रे बांधून त्या सक्तीचाच दागिना केला. 1960 च्या दशकात आफ्रो, म्हणजे कुरळे केस डोक्याभोवती गोल फुलवून ठेवण्याची केशरचना, अभिमानाने मिरवली गेली. तरीही मिशेल ओबामा यांनी 2022 मध्ये सांगितले, की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालण्याचा विचार मनात येऊनही त्यांनी केस सरळच ठेवले, कारण देश त्यासाठी अजून तयार नाही असे त्यांना वाटले होते.

प्रकृतीचाही प्रश्न आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये 33,497 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण, ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. यातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो, पण विचार करायला लावणारा संबंध आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती न्यायालयांची विचारसरणी. 1981 मध्ये रेने रॉजर्स या कर्मचारी स्त्रीने अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध दावा लावला, कारण टाळूला धरून घातलेल्या बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरोज, कंपनीच्या नियमात बसत नव्हत्या. कामाच्या वेळेत अंबाडा बांधून त्यावर कृत्रिम केस लावा, असा पर्याय कंपनीने दिला. त्याने डोके भयंकर दुखते, हे तिचे म्हणणे होते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण वेण्या सहज बदलता येतात. 2016 मध्ये अलाबामातील चॅस्टिटी जोन्स या नोकरीच्या उमेदवार स्त्रीच्या ड्रेडलॉक्सबद्दल, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या केसांबद्दल, अपील न्यायालयाने जवळपास हेच म्हटले. बदलता येते म्हणून संरक्षण नाही, हा तर्क मला मान्य नाही. धर्मही बदलता येतो, पण त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये क्राउन कायदा करून वेण्या, ट्विस्ट (दोन बटांचा पीळ) आणि लॉक्स (जटा) यांवरून होणारा भेदभाव वंशभेदात धरला, आणि नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशभरासाठीचे विधेयक मार्च 2022 मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकले. त्यामुळे नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या स्त्रीला घरभाडे आणि पगार यांच्या जोडीला, आपल्या वेण्यांवर तिथे आक्षेप घेता येतो का, हेही आधी पाहून घ्यावे लागते.