आजार नेमका कुठे सुरू झाला?

माजी सैनिकाच्या मानसिक आजाराचे अपील चालते तेव्हा माणूस किती आजारी आहे यावर सहसा वाद होतच नाही. वाद होतो तो आजार सुरू कुठे झाला यावर. सैन्यात मोठ्या संख्येने जवान पाठवणारे भिंड-मुरैना हे जिल्हे शेजारी असल्यामुळे ग्वाल्हेरच्या वकिलांकडे माजी सैनिकांच्या पेन्शनच्या फायली बाराही महिने येतात आणि माझे पोटही बऱ्याच अंशी त्यांवरच चालते. तरी शहरातल्या लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या एका मराठी हवालदाराच्या प्रकरणात ही गोष्ट जितकी लख्ख दिसली, तितकी मला पूर्वी कधी दिसली नव्हती.

हवालदार भरती झाले तेव्हा त्यांची वैद्यकीय श्रेणी शेप-1 होती, म्हणजे मनासकट सर्व बाबतींत ठणठणीत. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी दलात असताना, ताफा जाण्यापूर्वी रस्ता तपासून मोकळा करणाऱ्या तुकडीत ते होते. रस्त्याच्या कडेला पुरलेला स्फोटक फुटला आणि पुढे चालणारा त्यांचा जोडीदार गेला. यांच्या अंगावर मात्र ओरखडाही उठला नाही. यथावकाश त्यांची बदली शांतता क्षेत्रात, म्हणजे जिथे लढाईची कामगिरी नसते अशा ठाण्यात, झाली. तिथे झोप पार उडाली, रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि सेवेची मुदत संपली तेव्हा वैद्यकीय मंडळाने आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, आणि 40 टक्के आजीवन अपंगत्व अशी नोंद केली. त्याखालच्या रकान्यात एका ओळीत निकाल लावला होता: आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात, सबब लष्करी सेवेशी संबंध नाही.

अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले असावे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. पहिली पुरी झाली, दुसरीवर गाडे अडले. विभागीय स्तरावरची दोन्ही अपिले फेटाळली गेली आणि दोन्ही उत्तरांत मंडळाचीच ओळ जशीच्या तशी उतरवलेली होती. अपील म्हणजे नव्याने विचार, अशी आपली भाबडी समजूत असते.

माहिती अधिकारात वैद्यकीय कागद मागवले होते. ते येण्यापूर्वी नवरा-बायको जयेंद्रगंजातल्या माझ्या कार्यालयात आले. हवालदार फारसे बोलत नाहीत. सांगायचे ते वहिनीच सांगतात. त्या म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्याबरोबर बाजारात जायचे म्हणजे जीव नकोसा होतो. रस्त्याच्या कडेने म्हणून चालायचे नाहीत. दाल बाजारात एवढे हातठेले, एवढे टेम्पो, आणि हे आपले मधोमध! मागून लोक हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात, तरी बाजूला होत नाहीत." हवालदार खाली बघत होते. मी ते टिपून ठेवले, कारण अशा तक्रारी रचून सांगता येत नाहीत.

कागद आले त्यांत एएफएमएसएफ-10 हा फॉर्म होता. जवानाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना त्याच्या वागण्याविषयी कमान अधिकाऱ्याने द्यायचा तो अहवाल. त्यात लिहिले होते की, हा जवान या युनिटमध्ये रुजू झाला त्या दिवसापासून सकाळच्या दौडीत रस्त्याच्या कडेने धावायला तयार नसतो आणि समजावले तर घामाघूम होतो. म्हणजे लक्षणे त्याने काश्मीरहून बरोबर आणली होती. मंडळाने आजाराची सुरुवात म्हणून जी तारीख धरली, ती केवळ रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख होती.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठापुढे सुनावणी व्हिडिओवरून झाली. माझ्या टेबलामागे हवालदार आणि वहिनी बसले होते. पीठावर एक न्यायिक सदस्य असतात आणि एक प्रशासकीय सदस्य, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी. सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा नरसिंह यादव निकाल पुढे केला: भरतीच्या तपासणीत प्रत्येक मानसिक आजार सापडतोच असे नाही, त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो सेवेने दिला असे म्हणता येत नाही. निकाल अर्थातच आमच्या विरोधात जाणारा होता. परंतु त्याच निकालात असेही आहे की, नेमून दिलेल्या कामातून मनावर ताण आला असेल का, हे प्रत्येक प्रकरणात तपासले पाहिजे. आणि ते काम पाहण्याची तसदी मंडळाने घेतलीच नव्हती. मी 2013 चा धरमवीर सिंह निकाल दाखवला, ज्यात दावा सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळतो, असे म्हटले आहे. लष्करी डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिकाही दाखवली. दहशतवादविरोधी मोहिमेच्या क्षेत्रात जडलेला मानसिक आजार सेवेमुळे झालेला मानावा, असे ती सांगते.

हे सारे नेहमीचेच. अनपेक्षित घडले ते यानंतर. प्रशासकीय सदस्यांनी तो फॉर्म स्वतः वाचला, पान मागे-पुढे केले आणि सरकारी वकिलांना विचारले, "रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीत चालणारा माणूस कडेला का घाबरतो, हे मी तुम्हाला समजावून सांगायला हवे का? मंडळाने हा कागद पाहिला होता का?" वकिलांनी मंडळाची कार्यवाही चाळली. त्यात या फॉर्मचा उल्लेखही नव्हता. या आजाराची पूर्ण लक्षणे घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू शकतात, हे मानसोपचारशास्त्रात सर्वमान्य असल्याचे मी सांगू लागलो, तेव्हा न्यायिक सदस्यांनी हात वर करून मला थांबवले. माझ्या मते खटला तिथेच संपला.

दावा मंजूर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाप्रमाणे 40 टक्क्यांचे अपंगत्व 50 टक्के धरले जाईल. शंभर टक्क्यांना वेतनाच्या 30 टक्के असा हिशेब असल्याने, यांच्या पदरात वेतनाच्या 15 टक्के पडतील. 2023 पासून नियम बदलले आहेत. हे प्रकरण जुन्या नियमांखालचे.

सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तरी उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट त्यांना मोकळी आहे. वहिनींनी कॅमेरा बंद होताच थकबाकी किती मिळेल असे विचारले. प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पेन्शन आदेश हातात येईपर्यंत कर्जाचा एकही हप्ता त्या पैशांच्या भरवशावर ठरवू नका, असे मी त्यांना सांगितले आणि आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठीचा अर्ज हवालदारांपुढे सहीला ठेवला.