चुन्याच्या खुणा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पेडणे तालुक्यातील एक पाडेली माझ्या म्हापशाच्या दवाखान्यात आले. वय अडतीस, माडावर चढून नारळ पाडणे हा पिढीजात व्यवसाय. महिन्याभरापूर्वी निम्म्या माडावर असताना त्यांच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, हातापायांतले बळ गेले आणि आपण आता मरणार अशी खात्री वाटून ते खोडाला मिठी मारून बसले. भावाने शिडी लावून त्यांना खाली उतरवले. त्यानंतर रात्रीची झोप उडाली, आणि पुढेपुढे तर माडाखालून नुसते जातानाही छाती धडधडू लागली.

मी नेहमीप्रमाणे माहिती घेतली, रक्ताच्या तपासण्या पाहिल्या आणि 'दुसरी काही औषधे चालू आहेत का' असे विचारले. ते 'नाही' म्हणाले. मी पॅनिक डिसऑर्डरचे, म्हणजे एकाएकी तीव्र भीतीचे झटके येण्याच्या विकाराचे, निदान लिहून एस्सिटालोप्राम या सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधाची लहान मात्रा सुरू केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तांबूस-काळसर रंग माझ्या नजरेला पडला होता, पण तो मी उन्हाचा मानला.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा पत्नी सोबत होती. त्रास कमी झाला नव्हता, उलट हातांना कंप आणि घाम वाढला होता. मी रक्तदाब मोजत असताना बाईंनी कापडी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोतोर, या छातीच्या गोळ्या ते कुणाला दाखवू देत नाहीत." गृहस्थांनी मान खाली घातली. क्षयरोग झाल्याचे वाड्यावर कळले तर कोणी माडावर बोलावणार नाही, या धास्तीने त्यांनी ते माझ्यापासूनही लपवले होते.

तो औषधांना दाद न देणारा क्षय होता आणि उपचारांचा पाचवा महिना चालू होता. मी एकेक पट्टी उलटून वाचली: बेडाक्विलिन, लिव्होफ्लोक्सासिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन, सायक्लोसेरीन. क्लोफाझिमिनने त्वचेचा रंग बदलतो, म्हणजे तो रंग उन्हाचा नव्हता. लिनेझोलिडबरोबर एस्सिटालोप्राम दिल्यास शरीरात सेरोटोनिन हे चेतापेशींमधले निरोप्या रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकते, म्हणजे माझ्या हातून चूक झाली होती. मी लगेच ताप पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या, घोट्याला झटके येतात का ते पाहिले. सुदैवाने तसे काही आढळले नाही. एस्सिटालोप्राम तिथल्या तिथे बंद केले आणि त्या दोघांनाही माझी चूक स्पष्ट सांगितली.

परंतु माझे लक्ष खिळले ते सायक्लोसेरीनवर. दिवसाला ७५० मिलिग्रॅम, म्हणजे तीन कॅप्सूल. हे औषध क्षयाच्या जंतूंची वाढ रोखते, आणि मेंदूतल्या ग्लुटामेटच्या कारभारातही हात घालते. ग्लुटामेट हे मेंदूतले मुख्य उत्तेजक रसायन आहे. एक चेतापेशी दुसरीला जागे करते ती बहुतेक वेळा त्याच्याच जोरावर. भीती शिकणे आणि शिकलेली भीती पुसणे ही दोन्ही कामे अमिग्डाला या बदामाएवढ्या भागात ज्या एन.एम.डी.ए. ग्राहींमार्फत (चेतापेशीवरच्या, ठरावीक रसायनानेच उघडणाऱ्या कुलपांमार्फत) होतात, त्यांना जागे करण्यासाठी ग्लुटामेटबरोबरच ग्लायसीन किंवा डी-सेरीन यांचीही गरज असते. सायक्लोसेरीन नेमके त्या जागेवर जाऊन बसते. अल्प प्रमाणात ते ग्राहीला मदत करते, मात्र जास्त झाले तर मूळ रसायनांची जागा अडवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्लुटामेटपासूनच मेंदू गाबा नावाचे शांत करणारे रसायन तयार करतो आणि त्या कामाला ब-६ जीवनसत्त्व लागते. सायक्लोसेरीन या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. गाबा कमी पडला की चेतलेल्या पेशी लवकर निवत नाहीत. म्हणूनच या औषधासोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ची गोळी, रोज देतात.

ती गोळी पिशवीत नव्हती. विचारल्यावर गृहस्थ म्हणाले, "ती शक्तीची होती. वजन वाढले, शक्ती आली, म्हणून सोडली." पाच मोठ्या औषधांच्या ओझ्यात एक लहान गोळी कमी करण्याचा मोह कोणालाही होईल. तिचे काम त्यांना समजेल अशा शब्दांत कोणी सांगितलेच नव्हते.

त्याच भेटीत बाईंनी विचारले, "बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियन खाल्ले, त्यातल्या अजिनोमोटोने तर हे झाले नाही ना? त्यातही ग्लुटामेटच असते म्हणतात." प्रश्न रास्त होता. १९०८मध्ये जपानमधील किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ज्याची चव ओळखली ते ग्लुटामेटच. मात्र मेंदूभोवतीचा रक्तवाहिन्यांचा पडदा अन्नातले ग्लुटामेट सहसा आत जाऊ देत नाही. मेंदू आपले ग्लुटामेट स्वतः तयार करतो. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव निवळला.

मी क्षयरोग विभागाच्या डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी सायक्लोसेरीन बंद करून दुसरे औषध दिले, पायरिडॉक्सिन पुन्हा सुरू केले. झोपेसाठी मी काही रात्री क्लोनाझेपामची अल्प मात्रा दिली. चेतापेशींतून ग्लुटामेटचा स्राव कमी करणारे प्रीगाबालिन चिंताविकारात उपयोगी पडते आणि युरोपात २००६पासून त्यासाठी मान्य आहे, पण त्याने गरगरते. माडावर परतू पाहणाऱ्या माणसाला ते द्यायला माझे मन धजेना.

महिन्याभरात दिवसभराची धडधड थांबली, झोप परतली. माडाची भीती मात्र गेली नाही. औषधाने पेटवलेली घाबरण शमली होती, पण त्या दिवशी मेंदूने 'माड म्हणजे मरण' असा जो धडा गिरवला तो तसाच होता.

इथे मला एक जुने संशोधन आठवले. २००४ साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी उंचीची भीती असलेल्या २८ जणांवर प्रयोग केला. काचेच्या लिफ्टमधून वर जाण्याचा संगणकीय आभास त्यांना दोनदा देण्यात आला. त्यापूर्वी काहींना नुसती फसवी गोळी दिली, तर काहींना हेच सायक्लोसेरीन, प्रत्येक वेळी एकच मात्रा. ते घेतलेल्यांची भीती अधिक कमी झाली. म्हणजे माझ्या रुग्णाला रोज घेऊन घाबरवणारे औषध तिथे नेमक्या वेळी, एकेकच मात्रा देऊन भीती पुसायला मदत करत होते. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा बराच लहान निघाला. म्हणून ग्लुटामेटवरचे औषध चांगले की वाईट असे कोणी विचारले, तर मी आधी विचारते की किती, कधी आणि किती दिवस. एन.एम.डी.ए. ग्राही अडवणाऱ्या केटामाइन या भुलीच्या औषधाचेही तसेच आहे. त्याच्या जवळच्या एस्केटामाइनला २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी, चिंताविकारात त्याची पारख अजून चालू आहे.

आम्ही औषधाविना वाट धरली. पहिला आठवडा माडाला नुसता हात लावून उभे राहायचे, धडधड ओसरेपर्यंत हलायचे नाही. मग दोन हात उंचीपर्यंत चढायचे, तिथेच थांबायचे, भाऊ खाली दोर धरून. ज्या उंचीवर भीती निवली तिथे बाई चुन्याची आडवी रेघ ओढत. क्षयाचे उपचार संपेपर्यंत नारळ पाडायच्या कामाला जायचे नाही, ही अट मी घातली आणि त्यांनी ती पाळली.

परवा त्यांनी मोबाइलवर त्या माडाचा फोटो दाखवला. खोडावर सहा रेघा होत्या. पाचवी भावाने शिडी लावली होती तिथली. सहावी तिच्या वर, जरा वाकडी, कारण ती त्यांनी स्वतःच ओढली होती.