सिएम रीपचा अनाथाश्रम आणि आमची पोरं

कॉलेजची व्हॉलंटियर पोरं घेऊन कंबोडियाला गेलो होतो, तेव्हा सिएम रीपजवळच्या एका अनाथाश्रमात जाणं झालं. तिथलं अंगकोर वाटचं जुनं मंदिर बघायला जगभरातून लोक येतात, त्यामुळे तिथल्या काही आश्रमांना पर्यटकांची सवयच झालीय.

गेटमधून आत पाय टाकतोय तोच चार-पाच वर्षांची एक चिमुरडी पळत आली आणि आमच्यातल्या एकीच्या कमरेला घट्ट मिठीच मारली, ओळख ना पाळख, सोडायलाच तयार नाही. पोरं विरघळली, फोन बाहेर निघाले, मी लगेच सांगितलं फोटो अजिबात नकोत. माणसं सारखी येतात, जीव लावतात आणि निघून जातात, अशा ठिकाणी वाढणारी मुलं कुणालाही बिलगतात हो, फार तुटलं आतून.

आणि कंबोडियातल्या आश्रमांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत! गरिबी असते, शिक्षण मिळेल ही आशा असते, म्हणून घरचे पाठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेसुद्धा २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांमधल्या अशा पर्यटनाने मुलांचं नुकसान होतं हे मांडलंय.

म्हणून आम्ही तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांनाच विचारलं काय मदत हवी, मग भांडी घासली, टाकी धुतली, भिंत रंगवली. देणगी द्यायचीच तर मूल स्वतःच्या घरी राहून शिकेल अशा कामाला द्या, असं माझं ठाम मत आहे. पुढची बॅच मी आश्रमात नेणार नाही, शिक्षकांना मदत लागेल अशी एखादी शाळा शोधतोय.