टोपीवाला एच

सर्व्हरच्या कन्सोलवर जायची वेळ वर्षातून दोन-तीनदाच येते आणि ती कधीच चांगली नसते. नेटवर्क गेलेलं असतं, एसएसएच (नेटवर्कवरून सर्व्हरवर शिरायची नेहमीची वाट) लागत नसतं, मग सिरीयल केबल लावून थेट मशीनशीच बोलायचं. काळा स्क्रीन, लॉगिन, आणि घाईघाईत टाईप करताना पहिली चूक. बॅकस्पेस दाबलं. चूक तिथेच, आणि तिच्या शेजारी डोक्यावर टोपी घातलेला एच (^H). परत दाबलं, अजून एक टोपीवाला एच. म्हणजे खोडायला जावं तर लिखाण वाढतच चाललंय.

भानगड अशी आहे की बॅकस्पेसची कळ खरं तर काहीच खोडत नाही, ती फक्त एक आकडा पाठवते. काही टर्मिनल, म्हणजे आपण टाईप करतो त्या खिडक्या, ८ पाठवतात, काही १२७. टोपीवाला एच म्हणजे स्क्रीनवर उमटलेला तो ८. ८ म्हणजे नुसतं एक घर मागे सरकणं. १२७ म्हणजे डिलीट, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. कागदी पट्टीवर भोकं पाडून अक्षरं नोंदवायचे तेव्हाची ती गोष्ट. एकदा पाडलेलं भोक काही बुजवता येत नाही, मग चुकलेल्या अक्षरावर उरलेलीही सगळी भोकं पाडून टाकायची, सातच्या सात, आणि वाचणाऱ्या मशीनने तेवढं सोडून पुढे जायचं. सातही बिट चालू म्हणजेच १२७. खोडणं म्हणजे इतकं गिरवणं की काही वाचताच येऊ नये, शाळेच्या वहीत आपण दुसरं काय करायचो?

तर सर्व्हर १२७ ची वाट बघत बसलाय आणि माझं टर्मिनल ८ पाठवतंय. टर्मिनलच्या सवयी ठरवणारी एसटीटीवाय नावाची कमांड असते. एसटीटीवाय इरेज लिहायचं, पुढे कंट्रोल व्ही दाबून बॅकस्पेसची कळ, एंटर. संपलं. यातला खरा चावटपणा म्हणजे बॅशच्या, म्हणजे आपल्या कमांडी घेणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रॉम्प्टवर बहुतेक वेळा हे कळतच नाही, कारण बॅश दोन्ही आकडे समजून घेतं. फसगत होते ती पुढे, पासवर्ड विचारणाऱ्या एखाद्या साध्या प्रोग्रामपाशी. तिथे स्क्रीनवर काही दिसतच नाही, त्यामुळे टोपीवाला एच गुपचूप पासवर्डमध्ये जाऊन बसतो आणि आपण तीन-तीनदा तोच बरोबर पासवर्ड चुकवत राहतो.

मग आकार. माझी खिडकी दोनशे अक्षरं रुंद आहे, पण सर्व्हरला वाटतं ती ८० बाय २४ चीच आहे. एसएसएचमध्ये हे जाणवत नाही कारण खिडकीचा आकार पलीकडे कळवायची सोय त्यातच आहे, खिडकी ओढून मोठी केली तरी निरोप जातो. सिरीयल तारेतून एकामागून एक अक्षरं तेवढी जातात, त्यात कोण सांगणार की बाबा, इकडे जागा भरपूर आहे. मग सर्व्हर आपला १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० टर्मिनलसमोर बसल्यासारखा वागतो. व्हीआय हे एडिटर उघडलं तर ते वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसतं, आणि लांब कमांड लिहायला घेतली की ८० व्या अक्षरानंतर खालच्या ओळीत न जाता तीच ओळ पहिल्यापासून पुसत येते. आपण काय लिहिलंय ते आपल्यालाच दिसत नाही, आणि बोट डिलीटच्या कमांडवर असेल तर विचारूच नका.

यावर रिसाईझ नावाची छोटीशी कमांड आहे, आणि तिची युक्ती बघून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो. ती कर्सरला सांगते, अशक्य दूरच्या ओळीत आणि अशक्य दूरच्या रकान्यात जा, ९९९ वगैरे. एवढी जागा नसतेच, त्यामुळे कर्सर जमेल तितका जाऊन उजव्या खालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकतो. मग ती विचारते, आता कुठे आहेस? जे उत्तर येईल तो खिडकीचा आकार. अंधाऱ्या खोलीत हात पुढे करून भिंत लागेपर्यंत चालत जावं, तसं.

कंट्रोल एसबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितोच. सेव्ह करायची सवय हाताला असते, ते दाबलं गेलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजला. मला वाटलं सर्व्हरच गेला. एंटर बडवलं, कमांडी परत लिहिल्या, एक तर तीनदा, शेवटी एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, कंट्रोल क्यू दाब." दाबलं, आणि मी रागारागात बडवलेलं सगळं धडाधड एकामागून एक चालून गेलं. टेलिटाईपच्या काळात पलीकडचं मशीन दमलं की "थांब जरा" म्हणायची ती खूण होती, आज दमणारं कोणी नाही, खूण तेवढी राहिली. एसटीटीवाय, मग उणे आयएक्सऑन, असं लिहिलं की ती बंद होते. आणि स्क्रीनवर अगदीच चिनीमिनी अक्षरं यायला लागली तर एसटीटीवाय सेन, म्हणजे शहाण्यासारखं वाग. कधीकधी ऐकतंही.

हे सगळं दर वेळी कोण लिहिणार, म्हणून मी ते बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं त्या फाईलीत, टाकलं. तर कन्सोलवर लॉगिन केल्यावर ती फाईल वाचलीच गेली नाही, कारण लॉगिन करताना सुरू झालेलं बॅश तिच्याऐवजी बॅश प्रोफाईल नावाची दुसरी फाईल वाचतं, आणि तिकडे एससीपीने फाईल पाठवायला गेलो तर बॅशआरसी नेमकी वाचली गेली आणि जिथे टर्मिनलच नाही तिथे एसटीटीवाय कुरकुरायला लागलं. शेवटी चारही ओळी प्रोफाईलमध्ये हलवल्या, वर अट घातली की टर्मिनल सिरीयल असेल तरच चालव. खूश होतो. पंधरा दिवसांनी त्याच जुन्या सहकाऱ्याचा फोन. रूट, म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं अकाउंट, आमचं दोघांचं एकच, आणि त्याचं टर्मिनल १२७ पाठवतं.

"तू काहीतरी करून ठेवलंयस," तो म्हणाला, "माझ्याकडे आता टोपीवालं प्रश्नचिन्ह येतंय."