लेडीबावरचं पाणी आणि वरचा जांभळा माळ

इंग्लंडातल्या शेफिल्डहून गाडीने अर्ध्या तासात लेडीबावर जलाशय येतो. आम्ही इथे बरेचदा गेलो होतो, पण दर वेळी धरणाच्या भिंतीजवळ फोटो, टपरीवरचा चहा आणि परत. या ऑगस्टच्या शेवटी साताऱ्याहून आई आली होती, म्हणून दोन दिवस राखून ठेवले. शनिवारी आईबरोबर पाण्याकाठची सपाट वाट, रविवारी मी आणि माझा मित्र वरच्या माळावर. तुमच्याकडे एकच दिवस असेल आणि गुडघे साथ देत असतील तर वर जा. नुसतं पाणी बघून परतणाऱ्याला हे खोरं निम्मंच दिसतं.

इथे एकामागे एक तीन धरणं आहेत. सगळ्यात वर हाउडन, १९१२ साली पुरं झालेलं. मधे डर्वेंट, १९१६ चं. खाली लेडीबावर, ज्याचं उद्घाटन १९४५ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाने केलं. शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांना इथलं पाणी जातं. डर्वेंटच्या दगडी भिंतीला दोन बुरूज आहेत. १९४३ मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ स्क्वाड्रनने जर्मनीतली धरणं फोडण्याआधी याच पाण्यावरून रात्री अगदी कमी उंचीवरून विमानं उडवण्याचा सराव केला होता.

गाडी डर्वेंट धरणाच्या पायथ्याशी फेअरहोम्सला लावायची. पार्किंगला पैसे पडतात. स्वच्छतागृह आहे, खाण्याची टपरी आहे, सायकली भाड्याने मिळतात. सुटीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर जागेसाठी घिरट्या घालाव्या लागतात. रेल्वेने येणाऱ्यांनी मँचेस्टर-शेफिल्ड मार्गावरच्या बॅम्फर्डला उतरावं. तिथून लेडीबावरची भिंत साधारण तीन किलोमीटर. वरच्या दोन धरणांचे दगड वाहण्यासाठी टाकलेल्या जुन्या रुळांच्या जागी आता थॉर्नहिल ट्रेल नावाची पायवाट आहे, ती धरणापाशीच नेते. भिंतीलगत पाण्यात दोन अजस्र गोल विहिरींसारखी तोंडं दिसतील. जलाशय काठोकाठ भरला की जादा पाणी त्यांतून खाली जातं.

शनिवारी आम्ही फेअरहोम्सहून पूर्वेच्या काठाने दक्षिणेकडे निघालो. वाट रुंद आणि जवळजवळ सपाट आहे, बाबागाडीही जाते. अर्ध्या-पाऊण तासात डर्वेंट गावाची जागा येते. म्हणजे दिसतं फक्त पाणी. डर्वेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं लेडीबावरखाली गेली. लोकांसाठी धरणाच्या खालच्या अंगाला यॉर्कशर ब्रिज इथे घरं बांधली. कबरींतले मृतदेह उकरून बॅम्फर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरले. चर्चचा मनोरा मात्र तसाच ठेवला होता. तो काही वर्षं पाण्यातून वर डोकावत राहिला आणि १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. पाऊस फारच कमी झालेल्या वर्षी गावाचे चौथरे अजून उघडे पडतात.

हे सगळं मी आईला सांगत होतो. आईचं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलं. ती काठावरच्या दगडी कुंपणाला हात टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मढीसुद्धा हलवली म्हणतोस?" मी हो म्हणालो. "आमच्यात तेवढंबी झालं नाही रे." पुढे आम्ही फार बोललो नाही. बाकावर बसून थर्मासमधला चहा घेतला आणि आल्या वाटेने परतलो.

रविवारी वर गेलो. फेअरहोम्सहून डर्वेंट धरणाच्या पूर्व काठाने थोडं चालून झाडीतून चढ सुरू होतो. चढ एकूण साडेतीनशे मीटरच्या आत-बाहेर, पण सलग. झाडी आणि नेच्यांचा पट्टा संपला की एकदम उघडा माळ. याला इंग्लंडात मूर म्हणतात. कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा, पण जांभ्याच्या जागी पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, ओली काळी माती आणि तिच्यावर घोट्याएवढी-गुडघ्याएवढी हेदरची झुडपं. ऑगस्टच्या उत्तरार्धात ही हेदर फुलते आणि नजर जाईल तिथवर जांभळं होतं. लालसर तपकिरी ग्राउझ पक्षी पायांजवळून फडफडत उठतात आणि काळजाचा ठोका चुकतो.

पहिला टप्पा लॉस्ट लॅड, ५१८ मीटर. मेंढ्या आणायला गेलेला डर्वेंटचा एक पोरगा बर्फात इथे हरवला आणि दगडावर 'लॉस्ट लॅड' असं कोरून गेला, अशी कथा सांगतात. तिथून बॅक टॉर, ५३८ मीटर, हा या धारेचा माथा. मग दक्षिणेकडे धार धरायची. केक्स ऑफ ब्रेड, मिठाच्या भांड्यासारखा सॉल्ट सेलर, शेवटी व्हील स्टोन्स. भरड वालुकाश्माचे हे सुळके वाऱ्यापावसाने असे काही घडवलेत की प्रत्येकाभोवती फेरी मारल्याशिवाय पुढे जाववत नाही. विनस्टन ली टॉरवरून अख्खा जलाशय पायाखाली दिसतो. तिथून खाली उतरून पूर्व काठाने फेअरहोम्स. थांबत-थांबत आम्हाला सहा तास लागले.

या माळावर जागोजागी मोठ्या दगडी फरश्या अंथरल्या आहेत. पीक डिस्ट्रिक्ट या इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या दलदलीच्या वाटांवर बंद पडलेल्या कापड गिरण्यांतल्या फरश्या आणून टाकल्या, कारण हजारो पावलांनी पीटची चिखलगाळ झाली होती. एका फरशीवर मला चार भोकं दिसली, सारख्या अंतरावर, बोटभर खोल, आत पावसाचं पाणी साचलेलं. यंत्राचे बोल्ट बसवायची असावीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशरच्या गिरण्यांना मुंबईहून कापूस जात होता. त्या भोकांपाशी मी वाकून बसलो तेव्हा मनात वऱ्हाडातला कापूसच होता.

फरशी सोडू नका, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. बॅक टॉरच्या अलीकडे धुकं उतरलं. फोटोसाठी मी वाट सोडून दहा-बारा पावलं आत गेलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत पीटमध्ये रुतला. मित्राने काठी पुढे केली, तिला धरून बाहेर आलो, पण बूट काढायला पाच मिनिटं लागली आणि तोवर फरशी कुठल्या बाजूला होती तेच दिसेना. होकायंत्र होतं म्हणून निभावलं. शिवाय हे पीट तयार व्हायला हजारो वर्षं लागली आहेत. आपल्या एका पावलाने झालेली इजा भरून यायला फार काळ जातो.

तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचा ओएल १, 'डार्क पीक' हा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवंच. खोऱ्यात मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे. निघण्याआधी ९९९ या आणीबाणीच्या नंबरला मेसेज करता येण्यासाठी फोनची नोंदणी करून ठेवा. अडकलात तर पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक, हवं असं सांगायचं. श्रावणासारखा ऊन-पाऊस चालू असतो, तोही बोचऱ्या वाऱ्यासकट, म्हणून उन्हाळ्यातही पावसाळी जाकीट आणि एक लोकरी थर घ्या. वर पाणी, दुकान, आडोसा काही नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि पोटभर डबा न्या. नेच्यांत गोचिडी असतात, त्यामुळे पायघोळ पँट घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा. जलाशयात पोहायला मनाई आहे. माळावर शेगडी किंवा सिगारेट पेटवू नका. कोरडं पीट आतल्या आत धुमसत राहतं आणि विझवणं महाकठीण.

रविवारी रात्री आईला फोटो दाखवताना एक राहिलेली गोष्ट सांगितली. डर्वेंट गावातला जुना दगडी पूल बुडण्याआधी एकेक दगड सुटा करून काढला होता आणि पुढे हाउडन जलाशयाच्या वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्स इथे पुन्हा उभारला. आई म्हणाली, तो बघायचा. शनिवार-रविवारी फेअरहोम्सच्या पुढचा रस्ता गाड्यांना बंद असतो, म्हणून बुधवारची रजा टाकली आहे.