आमची वाटचाल: शिकवलेली पोरं कुणाच्या कामाला येतात?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथ मशीनवर सुरुवात केली, आज शिरोली एमआयडीसीत स्वतःचं शेड आहे, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन आहेत, फाउंड्रीतनं ओतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. मधली बँक, लाइट बिल, अडकलेली पेमेंटं हे सगळ्याच छोट्या कारखानदारांचं सारखं, ते सोडतो. मला बोलायचंय आयटीआयच्या पोरांबद्दल.

टर्नर, मशिनिस्ट या ट्रेडची २ वर्षं करून आलेली पोरं आम्ही अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून घेतो. कायद्यानं सक्ती ३० माणसांपासून पुढं आहे, आम्ही तेवढे नाही, तरी घेतो. लोक म्हणतात स्वस्तात कामगार मिळतो म्हणून घेता. अहो, महिन्याच्या स्टायपेंडमध्ये सरकारचा वाटा २५ टक्के, तोही जास्तीत जास्त १५०० रुपये, बाकीचं आमचं, वर इन्सर्ट म्हणजे हत्याराची कापणारी टोकं तुटतात, जॉब म्हणजे बनवायला घेतलेले भाग रिजेक्ट होतात आणि आमच्या जुन्या मिस्त्रींचा निम्मा दिवस शिकवण्यात जातो ते वेगळंच. पोराला मायक्रोमीटर वाचता येतो, पण पातळ जॉब चकात, म्हणजे तो धरणाऱ्या पकडीत, जास्त आवळला की त्याचं आतलं भोक मशीनवर गोल दिसतं आणि पकड सैल केली की गोल राहत नाही, हे मशीनपुढं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि पोरगं तयार झालं की मोठी कंपनी घेऊन जाते. त्या पोराचा राग मला कधीच आला नाही, त्याच्या घरात पहिल्यांदा पीएफवाला पगार येतो, त्यानं जावंच. पण त्या कंपनीला तयार माणूस फुकटात मिळाला ना? शिकवण्याच्या खर्चात तिनंही वाटा उचलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तरीपण आम्ही थांबणार नाही. आमच्याकडं शिकलेल्या एकानं स्वतःचा गाळा टाकलाय, आमचं जास्तीचं काम तोच करतो, त्याचा माल मला परत चेक करावा लागत नाही. इथले जुने नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांच्या काळापासून कोल्हापूर असंच वाढलंय, एकाच्या हाताखाली शिकायचं आणि शेजारी स्वतःचं काढायचं.

आईबापांना एवढंच सांगतो, मार्क कमी पडले म्हणून पोराला आयटीआयला टाकू नका, टेपर म्हणजे निमुळता उतार काढायला त्रिकोणमिती लागतेच. हाताची आवड असेल तर टाका.

यंदाची भरती चालू आहे. टर्नर, मशिनिस्ट झालेलं कुणी असेल तर पाठवा, मुली असतील तर त्यांनाही.