ठकीच्या पाठीवरची गाठ

३ ऑगस्ट

संध्याकाळी आमच्या मांजरीला, ठकीला, विंचरत असताना तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध बोटाला काहीतरी टणक लागले. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे मला आधी गोचीड वाटली, म्हणून चिमटा आणून केस फाकवले. पण कातडी अगदी स्वच्छ होती आणि टणकपणा तिच्या आत होता. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी ती गाठ बोटाने ढकलली असता किंचित सरकत होती आणि दाबली तरी ठकी तक्रार करत नव्हती. दोन वर्षांपूर्वी बोक्याशी मारामारी करून आल्यावर तिला गळू झाले होते, तेव्हा ती जागा गरम लागत होती, तिला ताप होता आणि हात लावू देण्याचे तर नावच नव्हते. ही गाठ तशी नाही. दुखत नाही हे लक्षण चांगले की वाईट, हे मात्र मला ठरवता येईना.

सासूबाईंनी हळदीचा लेप सुचवला. शेजारच्या काकूंनी तापाची अर्धी गोळी दुधातून देण्याचा सल्ला दिला, तो मी ताबडतोब नाकारला. माणसाला रोजची असलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि तेवढ्यानेही मांजर दगावू शकते, हे मला गळवाच्या वेळीच कळले होते. लेपही टाळला, कारण मांजराच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच्या पोटातच जाते.

५ ऑगस्ट

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लसीबद्दल. ठकीला रेबीजची लस १ जुलैला, नेमकी त्याच जागी टोचली होती. लस टोचल्यावर अशी गाठ येऊ शकते आणि बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत विरून जाते, असे त्यांनी सांगितले. परंतु क्वचित, साधारणतः दहा हजारांत एखाद्या मांजराला, त्याच जागी पुढे सार्कोमा नावाचा कर्करोग होतो, हेही त्यांनी लपवले नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी हा संबंध १९९१ साली प्रथम मांडला आणि त्यातून पुढे तीन-दोन-एक असा एक सोपा नियम रूढ झाला. लस दिल्यावर ३ महिन्यांनीही गाठ उरली असेल, ती २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा १ महिन्यानंतरही वाढत असेल, तर वाट न पाहता तिचा तुकडा तपासायचा. एक महिना तर परवाच उलटला होता.

त्यांनी बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरल्या. ठकीने एवढा वेळ माझ्या कोपरात तोंड खुपसून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, आता रोज दाबून पाहू नका, मोजून ठेवा.’

घरी आल्यावर माळ्यावरून बाबांचा व्हर्नियर कॅलिपर काढला. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असलेल्या बाबांनी त्यावर आयुष्यभर लोखंड मोजले; त्याच्या जबड्यांत मांजर धरण्याची वेळ येईल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसते. आजचे माप ११.२ मिलिमीटर.

१२ ऑगस्ट

१२.० मिलिमीटर. काचपट्टीचा अहवालही आला: दाहाच्या पेशी दिसतात, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, निश्चित निदान करता येत नाही. मी दुसरे वाक्य वाचून सुखावले आणि डॉक्टरांनी तिसऱ्या वाक्याकडे बोट दाखवले. सार्कोमाच्या भोवतीही दाह असतो, त्यामुळे सुई कडेला शिरली तर ती अर्धेच सांगते. अंक वाढल्याचे ऐकून मात्र ते फारसे दचकले नाहीत. कातडीची घडी प्रत्येक वेळी सारखी धरली जात नाही, म्हणून तीन वेळा मोजून सरासरी काढा आणि आणखी आठ दिवस पाहा, असे त्यांनी सांगितले.

सासूबाईंचे बालपण लालबागमध्ये गेलेले असल्यामुळे त्यांचा एकच हेका आहे, की हिला परळला बैलघोड्याच्या दवाखान्यात न्यावे. त्यांच्या लहानपणी तिथे टांग्याचे घोडे येत असत. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत ठकीची टोपली नेण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

२० ऑगस्ट

तीन मापांची सरासरी १२.१. वाढ नाही, असे डॉक्टर म्हणतात. एक दशांश मिलिमीटर म्हणजे कागदाच्या एका पानाएवढी जाडी, पण रात्री अडीच वाजता ती तेवढी राहत नाही.

१ सप्टेंबर

११.८. ठकीने ओट्यावरचा बांगडा पळवला. तिची भूक उत्तम आहे.

१ ऑक्टोबर

आज तीन महिने झाले. गाठ ८.६ मिलिमीटरवर आली आहे, म्हणजे ती आक्रसते आहे. पण ती आहे, आणि नियमात आक्रसणाऱ्या गाठीला सूट दिलेली नाही. एवढीशी तर आहे, मग सगळीच काढून का टाकत नाही, असे मी विचारले. डॉक्टरांचे उत्तर मला अनपेक्षित होते. हा सार्कोमा असेल तर तो झाडाच्या मुळांसारखा आजूबाजूच्या स्नायूंत पसरलेला असतो, आणि तो काढताना भोवतीचा तीन ते पाच सेंटिमीटर निरोगी भागही काढावा लागतो. काय आहे हे न कळता वरवर कापून टाकले, तर मुळे आत राहतात आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. म्हणून आधी फक्त एक लहान तुकडा. घाईने केलेली संपूर्ण शस्त्रक्रिया ही अर्धवट शस्त्रक्रियेपेक्षा सुरक्षित असते, हा माझा समज इतका पक्का होता, की मला ते दोनदा विचारावे लागले.

६ ऑक्टोबर

काल रात्रीपासून ठकी उपाशी होती आणि रिकाम्या वाटीजवळ बसून माझ्याकडे एखाद्या सावकाराने कुळाकडे पाहावे तसे पाहत होती. भूल, तुकडा, दोन टाके, सगळे मिळून पाऊण तासात आटोपले. पाठीवरचा केस काढलेला चौकोन पाहून मात्र मला रडू आले, ते त्या सगळ्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

१५ ऑक्टोबर

ग्रॅन्युलोमा. लसीतल्या घटकांभोवती शरीराने पेशींची तटबंदी उभी केली असावी, असे डॉक्टरांनी समजावले. अहवालात कर्करोग नाही असे स्पष्ट लिहिले आहे, कारण मात्र ‘बहुधा’ या शब्दाच्या आडच राहिले आहे. ठकीलाच हे का व्हावे, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. उरलेली गाठ पूर्ण विरेपर्यंत मोजत राहायचे आहे.

पुढे लस द्यायचीच नाही का, असे सासूबाईंनी विचारले. आमच्या गल्लीत भटकी कुत्री आहेत, ठकी कठड्यावरून खाली उतरते आणि रेबीज झाल्यावर उपाय उरत नाही. तेव्हा लस द्यायचीच. फक्त जागा बदलायची. खांद्यांच्या मध्ये टोचण्याऐवजी ती मागच्या पायात, शक्य तितकी खाली टोचावी असे सुचवले जाते. त्याचे कारण डॉक्टरांनी शांतपणे सांगितले: वेळ आलीच तर पाय काढून मांजर वाचवता येते, पाठ काढता येत नाही. ठकीच्या लसीच्या पुस्तकात, पुढच्या जुलैच्या रकान्यासमोर, मी आज लाल शाईने लिहून ठेवले: उजवा मागचा पाय, गुडघ्याच्या खाली.